शाळेचं रजिस्टर आणि बिस्किटाचा डबा

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात. पोलिसाने चोर पकडल्याच्या गोष्टी लोकांना आवडतात. या गोष्टीत चोर सापडला, पण ते सांगताना मला आजही खाली बघावं लागतं.

मी तेव्हा चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होतो. त्या ठाण्यात माझी ही दुसरी नेमणूक. पहिल्यांदा आलो तेव्हा हवालदार होतो, मधली बरीच वर्षं इतरत्र काढून पुन्हा तिथंच आलो. गाव माझं बीडकडचं. शाळा नववीतच सुटली, त्या काळी तेवढ्यावर भरती होत असे. या मुलखाने मला भाकरी दिली, पिंपळे गुरवला डोक्यावर छप्पर दिलं, ते मी विसरत नाही. पण कमी शिकलेल्या माणसाच्या मनात कागदाची धास्ती कायम असते. पंचनामा लिहिला की तीनदा वाचायचा, कपाटाला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं, अशी माझी सवय. एवढं करूनही जे व्हायचं ते झालंच.

प्रवेशाचे दिवस होते. सकाळची हजेरी संपवून मी स्टेशन डायरी पुढे ओढली, तोच एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील कंपनीतली शिफ्ट संपवून थेट आलेले, डोळे तांबडे.

"काका, आमच्या पणजोबांचं नाव चोरीला गेलंय," मुलगी म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं. "नाव?"

"म्हणजे ते ज्या रजिस्टरमध्ये आहे, ते रजिस्टर."

कुटुंब बौद्ध, राहायला दिघीला, मूळ गाव आमच्या हद्दीतलं. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण जात पडताळणीचा दाखला आठ दिवसांत दिला नाही तर तो रद्द होणार होता. पडताळणीला पन्नास सालाआधीचा पुरावा हवा. त्यासाठी ही पोरगी चार महिने वणवण फिरली होती. आजीच्या ट्रंकेतून पणजोबांची पाटी काढली, लाकडी चौकटीवर खिळ्याने नाव कोरलेली. गावच्या जुन्या स्मशानभूमीत गवत उपटून त्यांच्या नावाचा दगड शोधला, त्याचा फोटो काढला. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये दोन दिवस बसली, तर नेमकी त्या गावची पानं वाळवीने खाल्लेली.

"पडताळणी कमिटीला दगड चालत नाही, पाटी चालत नाही. कागद लागतो," ती म्हणाली. "गावच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये पणजोबांचं नाव आहे. आजोबांनी लहानपणी स्वतः बघितलंय. आणि शाळा म्हणते, तेवढं एकच रजिस्टर गायब आहे." मग हळूच म्हणाली, "आजी म्हणते, जो शब्द पुसायला आमची हयात गेली, तोच आता तू शोधत फिरतेस."

मी अर्ज घेतला, डायरीला नोंद केली आणि शाळेत गेलो. मुख्याध्यापिका नव्या होत्या. त्यांनी कपाट दाखवलं, हात वर केले. मी परत येऊन आमच्या मुद्देमाल कारकुनालाही विचारलं, की शाळेचं काही आपल्याकडे जमा आहे का. त्याने खुर्चीतूनच वही चाळली. "निरंक, साहेब." निरंक म्हणजे काही नाही. मीही मान हलवली आणि कामाला लागलो. उठून मागची शेड उघडली असती तर पुढचा सगळा वैताग वाचला असता.

दुसऱ्या दिवशी टीप मिळाली. भंगाराच्या धंद्यातला एक खबऱ्या म्हणाला, "शाळेची जुनी इमारत पाडली ना साहेब, तेव्हा त्यांच्या शिपायाने हातगाडी भरून कागद घातलेत रद्दीत."

झालं. दोन शिपाई घेऊन मी भंगाराच्या गोदामांत शिरलो. कंपन्यांचे खोके, फाटके मस्टर, कुणाकुणाच्या उत्तरपत्रिका. दिवसभर धूळ खाल्ली, शिंकून शिंकून जीव गेला. रजिस्टर नाही. मग शाळेचा तो शिपाई गाठला. सत्तरी ओलांडलेला, निवृत्त, गावातच राहणारा. त्याला ठाण्यात आणून बाकड्यावर बसवला.

"बाबा, रजिस्टर कुणाला विकलं?"

"इकलं न्हाई. इकल्या त्या पोरांच्या वह्या. रजिस्टर तुमीच न्हेलं."

"आम्ही म्हणजे कोण?"

"पोलिसांनी. गाडी घिऊन आलतं."

"कोण आलं होतं?"

"आता त्वांड ध्यानात ऱ्हातंय व्हय? टोपीखाली समदी सारखीच."

मागे ठाणे अंमलदार फिसकन हसला. मला वाटलं, म्हातारा आपली टर उडवतोय. आवाज चढवला, दरडावलं, संध्याकाळी घरी सोडलं आणि सकाळी पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच वाक्य. चहा देऊन विचारलं, तेच. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा दर वेळी थोडं बदलून सांगतो. एकच वाक्य जसंच्या तसं सांगणारा माणूस एक तर फार बेरकी असतो, नाही तर खरा. मी त्याला बेरकी ठरवलं, कारण ते सोपं होतं. तिकडे मुलीचा रोज फोन. "काका, पाच दिवस राहिले." "काका, चार." तिच्या आवाजाने माझं जेवण उडालं होतं.

म्हाताऱ्याच्या चौकशीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको आली. काखेत बिस्किटाचा पत्र्याचा डबा. कुणाला न विचारता तिने तो माझ्या टेबलावर आपटला.

"तीन दिस झालं, माज्या माणसाला बाकड्यावर बसवलंय तुमी. रातभर खोकतोय त्यो. कागद कुठं ठिवला त्ये त्याला आठवंना, समदी ट्रंक उपसली तवा गावलं हे."

डब्यात त्यांच्या लग्नाचा फोटो होता. एक लहान मुलाचं चांदीचं वाळं होतं, ते तिने पटकन उचलून पदराखाली घेतलं. तळाशी घडी घातलेला पिवळा कागद.

"वाचा. वाचता येतंय न्हवं?"

ती ताबा पावती होती. शाळेचं जनरल रजिस्टर, एक नग, गुन्ह्याच्या तपासासाठी ताब्यात घेतलं. खाली पोलिसाची सही. ती सही मी महिन्यातून शंभर वेळा करत होतो. ती माझीच होती.

मग सगळं आठवत गेलं. पहिल्या नेमणुकीत एका माणसाने कंपनीतल्या नोकरीसाठी वय कमी दाखवणारा शाळेचा खोटा दाखला केला होता. शाळा लहान, कित्येक वर्षांच्या नोंदी एकाच जाड रजिस्टरात; ताडून बघायला मी ते जप्त केलं. खटला संपला, कोर्टाने ते शाळेला परत द्यायचा आदेशही दिला. आम्ही तत्कालीन मुख्याध्यापकांच्या नावे पत्र पाठवलं. त्यांची बदली झालेली, पत्र परत आलं. तेवढ्यात माझीही बदली झाली. पुढे ठाणं नव्या इमारतीत गेलं आणि जुना मुद्देमाल पोत्यांत भरून मागच्या शेडमध्ये पडला. कारकुनाची वही नव्या इमारतीपासूनची. तिच्यात निरंकच असणार.

आम्ही शेड उघडली. गंजलेल्या मोटारसायकली सरकवल्या, सातवं पोतं सोडलं. लाखेचं सील शाबूत, कापडी पुडक्यावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी.

मी मोठ्या साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी विचारलं, "चोर सापडला?"

"सापडला, साहेब. मीच."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्यासारख्या कुलूप दोनदा ओढणाऱ्या माणसाने हे करावं?" लेखी खुलासा द्यावा लागला, ताकीद मिळाली. नोकरी जाणार असंच मी धरून चाललो होतो. साहेबांनी ती राखली, त्यांचे उपकार आहेत.

जुन्या फाइलमध्ये कोर्टाचा आदेश होताच. त्याच दुपारी मुख्याध्यापिकांना बोलावलं, पंचांसमोर सील फोडून रजिस्टर त्यांच्या ताब्यात दिलं. मुलगी आणि तिचे वडील आले होते. तिने एकेक पान असं उलटलं, की जणू जोरात उलटलं तर अक्षरं सांडतील. एका ओळीवर बोट थांबलं. नाव, गाव, जात. शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण: 'कामास लागला.' माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर याहून वेगळं काही लिहिलेलं नाही.

मला वाटलं, ती जातीचा रकाना बघतेय. पण ती वडिलांना म्हणाली, "पप्पा, दगडावर नुसतं नाव होतं. इथे त्यांची जन्मतारीख पण आहे."

वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मुख्याध्यापिकांनी तिथेच उतारा लिहून शिक्का मारला. शेवटच्या दिवशी तिला पडताळणीचा दाखला मिळाला.

बाकड्यावरच्या बाबांपुढे मी हात जोडले. ते म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या. आदी पावतीवर लिवा, रजिस्टर माघारी आलं म्हणून. हेडमास्तर म्हनलं व्हतं, हरवली तर नोकरी जाईल. नोकरी सुटली तरी जपलीया." मी लिहिलं, सही केली. त्यांनी सही निरखून बघितली. "आता तुमची चवकशी झाली का न्हाई?"

"झाली, बाबा."

"बसवलं व्हतं का बाकड्यावर?"

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी वेळ मिळेल तसा त्या शेडमध्ये बसायचो. पोती सोडायची, आदेश शोधायचे, धनी शोधायचे. कुणाचा लग्नाचा अल्बम, कुणाच्या आजोबांचं खरेदीखत, कुणाच्या आईची पोत. खटले कधीच संपलेले, पण लोकांच्या घरातली माणसं आमच्या पोत्यांत अडकलेली. गुन्हा उघडकीस आला की काम संपलं, असं मी इतकी वर्षं समजत होतो. घेतलेली वस्तू ज्याची त्याच्या हातात परत पडली की काम संपतं, हे मला नोकरीच्या शेवटी कळलं, आणि तेही एका म्हातारीने टेबलावर डबा आपटल्यावर.

निवृत्त झालो त्या आठवड्यात पेढे घेऊन बाबांकडे गेलो. म्हटलं, ती पावती मला द्या, आठवण म्हणून जपून ठेवतो.

बाबांनी पेढा तोंडात टाकला. डबा मांडीवर घेतला, झाकण घट्ट दाबलं आणि म्हणाले, "झेराक्स काडून घ्या. आसल कागद तुमच्याकडं ठिवायचा? न्हाई सायेब."