घरट्याची जागा

निसर्ग केंद्रातल्या रविवारच्या गप्पांमध्ये मी पहिल्यांदाच बोलत होतो. पडद्यावर शृंगी घुबडाचा फोटो होता. मातीच्या दरडीतल्या खोबणीत मादी बसलेली आणि तिच्या पोटाशी दोन पांढरी पिल्लं.

"सुरेख! जागा कुठली?" कॅमेरा घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं.

घरट्याची जागा सांगायची नाही, असा केंद्राचा नियम आहे. पण पहिल्या रांगेत माझी आई होती. शिकलेल्या मुलाचं बोलणं ऐकायला ती मुद्दाम गावाहून आली होती. ती दरड आमच्याच ओढ्याची; शेळ्या चारताना तिनंच मला दाखवलेली. नियम तिला ठाऊक नव्हता.

"आमच्या गावचंच हाय ते," आई अभिमानाने म्हणाली. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

आवडलेलं दाखवल्यावाचून माणसाला राहवत नाही, आणि दाखवलं की तिकडे वाट पडते. माणसांचा राबता वाढला की पाखरू घरटं टाकून जातं. पण जिच्यामुळे शिकलो, तिला चारचौघांत गप्प कसं करायचं?

"मावशी, गाव कुठलं? पाच-सहा जण जाऊन येतो."

आईने त्या गृहस्थांना नीट न्याहाळलं. "बाळंतिणीच्या खोलीत पाच-सहा बाप्ये शिरत्यात व्हय?"

सगळे हसले. गृहस्थही हसले, जरा ओशाळून.

"पिल्लं उडाली की या जेवायलाच. तवर हितंच बघा."

त्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला. मग आम्ही सगळेच पडद्यावरच्या घुबडाच्या त्या केशरी डोळ्यांकडे बघत बसलो.