वेलुआच्या कायद्यावर धोंडिरामतात्यांची हरकत

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली, जाहीर निषेध, सगळे बोर्ड मीच छापतो. त्यामुळं पेठेत कोण कुणावर खूश आहे आणि कोण कुणावर जळतंय, हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. तेव्हा धोंडिरामतात्यांबद्दल काय विचारायचं ते मला विचारा. बाकीचे लोक चहाच्या गाड्यावर उभं राहून काहीही ठोकून देतात, आणि माझं डोकं फिरतं.

तात्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकला कारकून होते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, पुढं पाठवायचा. सगळी नोकरी ह्यात गेली. त्यामुळं त्यांच्या मनात एक पक्कं बसलं होतं, की कागदावर आवक नंबर पडला की त्याला जीव येतो, मग तो कुणाच्या बापाला दाबता येत नाही. नवा नियम करायच्या आधी सरकार पेपरात बारीक अक्षरात छापतं, की जनतेनं हरकती आणि सूचना कळवाव्यात. तुम्ही-आम्ही त्या पानात भजी बांधून आणतो. तात्या हरकत पाठवायचे, झाडून प्रत्येक नियमावर. कुत्र्यांच्या परवान्यावर पाठवली, दारात कुत्रं नसताना. बंदरांच्या कसल्याशा नियमावर पाठवली. आता सोलापूरला समुद्र कुठं आहे हो? विचारलं तर म्हणायचे, "समुद्र न्हाय म्हणून काय झालं? हक्क तर हाय की!" आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघायचे. त्यावर आपण काय बोलणार, कप्पाळ!

रिटायर झाल्यावर तात्यांचे पैसे आले. त्यांच्या बायकोचं, मीनाबाईकाकूंचं, एकच मागणं होतं, घरावर स्लॅब टाका. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. आपला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. काकू दुपारी पत्र्यावर ओली पोती टाकायच्या, आणि चहा उकळेपर्यंत ती कडकडीत वाळलेली असायची. लग्न होऊन आल्यापासून त्या बाईनं त्या भट्टीत भाकरी थापल्या. साडी नको, दागिना नको, डोक्यावर फक्त सिमेंटचं छत पाहिजे, एवढंच म्हणायच्या.

तेवढ्यात तात्यांचा पुतण्या यशपाल पुण्याहून आला. कॉम्प्युटरवाला, बोलायला एकदम चाबरा. त्यानं तात्यांच्या कानात घातलं, की दूर समुद्रात वेलुआ नावाचा एवढासा देश आहे. लोकसंख्या आपल्या पेठेएवढीसुद्धा नाही. तिथल्या सरकारनं वेलूकॉइन नावाचं क्रिप्टो कायदेशीर केलंय. म्हणजे मोबाइलमधलं नाणं. दिसत नाही, हाताला लागत नाही, पण तिथं त्यानं मासळी मिळते, कर भरता येतो. आणि परदेशी माणसालाही ते घेता येतं.

मी म्हणालो, "तात्या, खिशात वाजत नाही ते नाणं कसलं?"

तात्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. वेलुआचं राजपत्र, खाली गोल शिक्का. "दिपक, हे बघ. सरकारी हाय."

झालं! शिक्का दिसला की हा माणूस पाघळतो. स्लॅबचा पैसा वेलुआला गेला. काकूंना कधी कळलं? गवंडी बसू वळसंगहून माप घ्यायला आला आणि तात्यांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं, तेव्हा. काकूंनी बसूला पाणी दिलं आणि आत गेल्या. मला ते तेव्हाच खटकलं होतं.

पुढं काही महिने वेलूकॉइन चढत गेलं आणि तात्याही चढत गेले. सकाळी भेटले की "पाणी आलं का?" असं न विचारता "वेलुआत आज काय झालं, वाचलंस का?" असं विचारायला लागले. तिथल्या संसदेत नऊ खासदार. नवांची नावं, कोण कुणाचा मेहुणा, सगळं पाठ. आमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, ते मात्र मला विचारायचे. परदेशी खातेदारांना कर माफ झाला त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून मोठ्ठा फ्लेक्स छापून घेतला. 'वेलुआ देशाचे लाडके अर्थमंत्री यांचे शुक्रवार पेठेच्या वतीनं हार्दिक अभिनंदन!' मध्ये फुलाफुलांच्या शर्टातला तो गोलमटोल मंत्री, कोपऱ्यात हात जोडलेले तात्या, आणि खाली रांगेनं शुभेच्छुक. त्यात माझाही फोटो होता, फुकटात मिळतोय म्हणून लावला. लोक विचारायला लागले, हा कुठल्या पक्षाचा? एका म्हातारीनं तर त्याच्याकडं ड्रेनेजची तक्रार करायची म्हणून माझ्याकडं पत्ता मागितला.

मग फासा उलटा पडला. देशांना कर्ज देणाऱ्या मोठ्या संस्थांनी वेलुआला दम भरला, की ते नाणं आवरा, नाहीतर आमच्या दारात येऊ नका. बाहेरच्या बँकांनी त्यांच्याशी व्यवहार थांबवले. लहान देशाची ऐपत ती काय! त्याच गोलमटोल मंत्र्यानं नव्या नियमाचा मसुदा काढला, की परदेशी लोकांची खाती गोठवायची आणि त्यांची नाणी रद्द करायची. यशपालचा फोन लागेना. तात्या माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. चेहरा पांढराफटक.

"स्लॅब गेला रे दिपक," म्हणाले. "मीनाला काय सांगू?"

मी खरंच चिडलो होतो. म्हणालो, "आता आठवली होय काकू?" पण हा माणूस ढसाढसा रडायला लागल्यावर मी काय करणार, चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी 'जाहीर निषेध'चा फ्लेक्स टाकला. मंत्र्याचा फोटो कॉम्प्युटरवर आधीच आहे म्हणून घासाघीस करून रेट कमी करून घेतला. त्याच फोटोवर लाल फुली मारली. मग हलगी लावून आम्ही एका कचेरीत निवेदन द्यायला गेलो. तिथल्या साहेबानं वेलुआचं नाव तीनदा वाचलं, मग फोटोसाठी उभा राहिला आणि शिक्का मारून दिला. पुढच्या आठवड्यात उत्तर आलं, 'सदर विषय बेटाशी निगडित असल्याने जलविभागाकडे वर्ग करण्यात येत आहे.' मी कपाळाला हात लावला. तात्या मात्र खूश. "बघ, हालला कागद!"

आणि त्याच धुंदीत त्यांना वेलुआच्या मसुद्याच्या तळाशी एक ओळ दिसली. जनतेनं हरकती व सूचना पाठवाव्यात. जनता म्हणजे कुठली जनता, हे लिहायचं वेलुआवाले विसरले होते. आता बोला! सगळ्या जगात लोकांनी वेलूकॉइनच्या नावानं बोंब मारली असेल, शिव्या दिल्या असतील, वकील गाठले असतील. हरकत कोण पाठवणार? तात्यांनी पाठवली. मुद्देसूद, मार्जिन सोडून, 'महोदय' घालून, मराठीत. खाली माझ्या पोरीनं, मनालीनं, इंग्रजी करून जोडलं. ती एम.ए.ला आहे.

वेलुआहून पत्र आलं, की आपली हरकत क्रमांक एकवर नोंदवली आहे. दुसरी कुठलीही आलेली नाही. आमच्या घटनेप्रमाणे आलेल्या हरकतीवर सुनावणी घेतल्याशिवाय नियम मंजूर करता येत नाही. व्हिडिओवर हजर राहावं.

म्हणजे बघा, शुक्रवार पेठेतल्या पत्र्याखालच्या एका माणसानं एक अख्खा देश अडवून धरला होता! मला आधी हसू आलं, आणि मग अशी छाती फुगली की विचारू नका.

सुनावणी सकाळी होती, तिकडं दुपार. सगळी गल्ली तात्यांच्या बाहेरच्या खोलीत. मागं माझा फ्लेक्स, 'सुनावणी समितीचे सहर्ष स्वागत'. ह्याचे पैसे मी घेतले नाहीत. लॅपटॉपसमोर शाल, श्रीफळ. पाहुण्यांचा सत्कार झाल्याशिवाय आपल्याकडं काही सुरू होतं का? तात्यांनी लॅपटॉपलाच झेंडूचा हार घातला. समितीला बराच वेळ नुसता झेंडू दिसत होता. शेवटी मनालीनं हार सरकवला, तेव्हा पलीकडं पंख्याखाली पाच जण घाम पुसताना दिसले. अध्यक्ष एक जाडजूड बाई होत्या.

"जयभीम!" तात्या म्हणाले.

"जयभीम," पलीकडून पाचही जण म्हणाले. त्यांना वाटलं गुड मॉर्निंग असेल.

तात्या बोलायला लागले, मनाली इंग्रजीत सांगत गेली. काय बोलला तो माणूस! म्हणाले, तुमच्या शिक्क्यावर इश्वास ठेवून आमी पैसा लावला. सरकारनं एकदा हो म्हणायचं, एकदा न्हाय म्हणायचं, आन् मधल्या मधी बारक्या माणसानं मरायचं व्हय? मी टाळ्या वाजवल्या. मनालीनं डोळे वटारले.

अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, की आमची अडचण ऐका. आमच्या कोळ्यांनी हे नाणं कधी वापरलंच नाही. त्यांच्या किनाऱ्यावर नेटवर्क नाही, आणि मासळी घेताना बायकांना नोटच हातात लागते. ते विकत घेतलं तुमच्यासारख्या बाहेरच्यांनी. देश आमचा, नाणं तुमचं, आणि कर्ज मात्र आमचं अडलंय. मग त्यांनी विचारलं, "बुडालेल्या पैशानं तुमचं नेमकं काय नुकसान झालं?"

"घरावर स्लॅब टाकायचा होता," तात्या म्हणाले.

"तो कुणाला हवा होता?"

तात्यांनी आतल्या दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "मिसेसला."

"त्या आहेत का तिथं?"

काकू आतल्या खोलीत स्टोव्हपाशी होत्या, गल्लीचा चहा करत. मनालीनं बोलावलं. पदरानं तोंड पुसत आल्या, कॅमेऱ्यासमोर बसल्या. घामानं पाठ चिंब.

"तुमचं काही म्हणणं आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

काकूंनी एकदा तात्यांकडं बघितलं. "माझी हरकत हाय," म्हणाल्या. "तुमच्यावर न्हाय, बाई. ह्यांच्यावर. कुत्र्याच्या कायद्यावर ह्यांनी हरकत घेतली, समुद्राच्या घेतली. सगळ्या दुनियेला म्हणत्यात, आमाला इचारल्याबिगर काय करू नका. घरातला पैसा लावताना मला इचारलं न्हाय. एका शब्दानं न्हाय. मी काय जनता न्हाय व्हय?"

मनालीनं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. खोटं कशाला बोलू, बायकोकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. पलीकडं समितीतल्या दोन बायका एकमेकींकडं बघून काहीतरी पुटपुटल्या आणि एका पुरुष सभासदानं घाईघाईनं तोंडासमोर फाइल धरली.

अध्यक्षबाईंनी पेन उचललं. "ही हरकत क्रमांक दोन," म्हणाल्या.

महिन्याभरात वेलुआनं नियम केला. नाणी रद्दच. पण लहान परदेशी खातेदारांना पडत्या भावानं पैसे परत मिळणार, आणि ज्यांनी घरात न विचारता ते लावले त्यांचे पैसे त्यांच्या जोडीदाराच्या खात्यावर. असला नियम दुसऱ्या कुठल्या देशात असला तर मला दाखवा, मी त्याचा फ्लेक्स फुकट छापतो. काकूंच्या खात्यावर अर्धेअधिक बुडून उरलेले पैसे आले. इकडचा कर आणि बँकेचं काय काय ते गेलं. मनाली सगळीकडं त्यांच्याबरोबर होती.

काकूंनी बसूला स्वतः फोन केला. पैसा एकाच खोलीपुरता होता. आतली खोली, स्वयंपाकाची, तिच्यावर स्लॅब पडला. बाहेरच्या खोलीवर पत्रा तसाच. बसू म्हणाला, थोडं उधारीवर घेऊन पुढचंही करून टाकू. काकू म्हणाल्या, नको.

ह्या मे महिन्यात मी तात्यांकडं गेलो तर ते बाहेरच्या खोलीत डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसले होते. पत्रा तापून आवाज करत होता. आत काकू गार फरशीवर बसून लसूण सोलत होत्या. मधलं दार सताड उघडं. मी म्हणालो, "तात्या, आत जा की! कशाला तापताय?"

तात्यांनी मान हलवली. मग उठले, उंबऱ्यापाशी गेले आणि चाचरत म्हणाले, "मीना, आत यिऊ का?"

इतक्या वर्षांत ह्या माणसानं तिला काही विचारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. काकूंनी वर बघितलं नाही. हातातली पाकळी सोलून झाली, दुसरी घेतली.

"इच्यार करून सांगते," म्हणाल्या.

तात्या उंबऱ्यातच उभे राहिले.