पुढची बोट

पितांबरला समुद्राचं वेड लागलं कुठून, हे कुणालाच कळलं नाही. शिंदखेड्याकडचा माणूस. त्या गावात नाल्याला पाणी आलं तरी म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे बघायला धावायचे, आणि याला हवीत बेटं! दीपनगरच्या वीज केंद्रात तो हेल्पर होता. वर्षभर नाकातोंडात कोळसा, आणि उन्हाळा लागला की साठवलेली रजा घेऊन, पाठीवर खाकी पिशवी अडकवून स्वारी निघाली. आज दीव, पुढच्या वर्षी रामेश्वर. हॉटेलाची पायरी त्यानं कधी चढली नाही. धर्मशाळा, शाळेचा व्हरांडा, नाहीतर सरळ धक्क्यावर पथारी. खायला बहिणीनं बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

बहीण म्हणजे कुंदाबाई. आईबाप लवकर गेले, तिला यानंच वाढवलं, सोनगीरजवळच्या गावात दिली. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. कुंदाबाईचं माहेर म्हणजे याची एका खोलीची क्वार्टर. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला, तो मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जायचा. बाहेरच्या निंबाला झोका बांधायचा, आमरस स्वतः काढायचा, आणि ही बया झोक्यावर बसून त्याच्याकडून बेटांच्या गोष्टी ऐकायची. "खोटं सांगस तू," म्हणायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायची.

नव्वद साली त्यानं अंदमानचा घाट घातला. मद्रासहून जहाज, सगळ्यात खालच्या मजल्यावरची फळी, तीन दिवसांचा प्रवास. दशम्या घ्यायला तो तिच्याकडे गेला, तेव्हा ती त्याला फाट्यापर्यंत पोचवायला आली. एरवी कधी येत नसे.

"भाऊ, यंदा आखाजीले लवकर येजो. माले तुन्हासंगे बोलनं शे."

"मंग आतेच सांग ना."

"आठे नही. घर."

घर म्हणजे दीपनगर. पितांबरनं मान डोलावली आणि गाडीत चढला. आखाजीच्या चार दिवस आधी परत, असा त्यानं बोटांवर हिशेब केलाच होता.

तिथं पोचला आणि माणूस हरखून गेला! सरकारी बोटीनं या बेटावरून त्या बेटावर. कुणा बंगाली म्हातारीच्या पडवीत झोप, नारळ आणि भात पोटाला. शेवटचं बेट नील. सकाळी बोट पोर्ट ब्लेअरला सुटणार होती, दुपारनंतर मद्रासचं जहाज. आणि पितांबर गुडघाभर पाण्यात कुंदाबाईसाठी शंख शोधत होता. बोटीचा भोंगा झाला. त्यानं वर पाहिलं, आणि काय म्हणाला असेल?

"जाऊ दे. मागून दुसरी येईलच."

अरे बाबा, ते काय धुळ्याचं स्टँड होतं? शिरपूरची गेली तर चोपड्याची धरली! पण उभा जन्म एसटीनं हिंडलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? शंख हातात घेऊन तो धक्क्यावर आला आणि दुपारपर्यंत आरामात बसला. मग कुणीतरी सांगितलं, पुढची बोट चौथ्या दिवशी. मद्रासचं जहाज गेलं, आणि पुढचं होतं दोन आठवड्यांनी.

पोर्ट ब्लेअरला तारेचं ऑफिस होतं. तो दारापर्यंत गेलाही. पण गावात तार येते ती कुणी मेल्याचीच. वाचून दाखवण्याआधीच रडारड सुरू होते. बहीण घाबरेल, या काळजीनं त्यानं तार केली नाही, कार्ड टाकलं. ते कार्ड त्याच्यानंतर तीन दिवसांनी पोचलं.

आखाजीच्या दिवशी कुंदाबाई गाठोडं बांधून सकाळपासून ओट्यावर बसली होती. गल्लीतल्या साऱ्या लेकीसुना आपापल्या मुऱ्हाळ्यांबरोबर गेल्या. दिवेलागणीला सासू तानुबाईनं हात धरून तिला आत नेलं. मुऱ्हाळ्याशिवाय सून पाठवायची रीत नव्हती.

पितांबर उगवला तो बारा दिवसांनी. तोवर शेतीची कामं अंगावर आली होती, आता सुनेला कोण सोडणार? तो मान खाली घालून उभा राहिला. ती रागावली नाही, हेच वाईट झालं. शंख कानाला लावून हसली. "काय बोलनं व्हतं?" त्यानं विचारलं. शेजारीच सासू बसली होती, तिकडे पाहून ती म्हणाली, "काही नही. पुढला साल सांगसू."

दिवाळीला तो ओवाळून घ्यायला गेला, तेव्हा ती निम्मी झाली होती. छातीत गाठ होती. फाल्गुनातच हाताला लागलेली, सुपारीएवढी. सासरी सांगायची लाज वाटली. माहेरी जाऊ, भाऊच्या शेजारच्या कमलबाईला दाखवू, ती डॉक्टरीणबाईंकडे नेईल, असं तिनं ठरवलं होतं. पितांबरनं तिला उचलून धुळ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आणायचं होतं.

"माले आखाजीलेच सांगनं व्हतं," एवढंच ती बोलली. पौषात गेली.

यावर काय बोलावं? पितांबरला कुणी दोष दिला नाही. त्याचा त्यानंच दिला, आणि तो कधी मागे घेतला नाही. खाकी पिशवी चुलीत घातली.

पुढच्या वर्षी आखाजी जवळ आली, तसा तो गाडीत बसून थेट तिच्या सासरी गेला. ओट्यावर, मुऱ्हाळ्याच्या जागी, टोपी सारखी करून बसला. तानुबाई बाहेर आली आणि चरकली.

"आते कोनले लेवाले उनात, पितांबरभाऊ?"

"कुंदाले. तिची घागर यंदा मन्हा घर भरसू." गेलेल्या माणसांची पाण्याची घागर आखाजीलाच भरतात. मग तो हळूच म्हणाला, "यंदा चार दिवस आधी उनू, मावशी."

सुनेची घागर माहेरी भरत नाहीत. हे तानुबाईलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. म्हातारी आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून एक गाठोडं घेऊन आली. गेल्या आखाजीला कुंदाबाईनं बांधलेलं, त्यानंतर कुणी सोडलं नव्हतं. वर शंख ठेवला आणि सुनेची पाठवणी करावी तसं गाठोड्याला हळदीकुंकू लावून त्याच्या हातात दिलं.

फाट्यावर पहिली गाडी आली ती गच्च भरलेली. "मागून रिकामी येतेय," कंडक्टर ओरडला. पितांबर त्याच गाडीच्या दाराला लोंबकळला. आत कशीबशी जागा झाली, तेव्हा गाठोडं छातीशी धरून उभा राहिला आणि लोकांसमोर धुळ्यापर्यंत रडत गेला.