वळणाची बाहेरची बाजू

"तू तिकडे उभी राहा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला. तुझी माणसं तिथेच आहेत."

शर्यत मंडळाचे अध्यक्ष हे बोलले, माझ्या गळ्यातलं पत्रकाराचं ओळखपत्र दोन बोटांत धरून. मालवणजवळच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, मोटारींची शर्यत होती. मांडवात सावली, खुर्च्या, गार कोकम. मी एका साप्ताहिकाची बातमीदार म्हणून तिथे बसले होते. मासे विकणारीची मुलगी. "वास येतोय," मागून कुणीतरी म्हणालं. मांडव हसला. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तरी मी उठले.

आमच्याकडे शर्यतीआधीही देवाला गाऱ्हाणं घालतात. त्या वेळी मानकरी कुठे उभे राहणार आणि बाकीचे कुठे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मंडळाने तीच मांडणी उचलून रस्त्यावर ठेवली. मानकरी वळणाच्या आत, मांडवात. आमची वाडी बाहेर, उन्हात. देवळाबाहेर उभं केलं तर मान जातो. वळणाच्या बाहेर उभं केलं तर जीव जातो. वेगातली गाडी घसरली की बाहेरच जाते.

हे मला सरांनी शिकवलेलं. मोटार शर्यतींवर उभा जन्म लिहिलेला माणूस. कोल्हापूरपासून गोव्यापर्यंत शर्यतवाले त्यांना मानायचे. आदल्या दिवशी ते सगळा रस्ता पायी चालायचे आणि मलाही चालवायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "गाडी कोणय बघता, बाय. माणसां खंय उभी आसत, ता आधी बघ."

त्या दिवशी ते पाहुणे म्हणून मांडवातच होते. पुढच्या रांगेत. त्यांनी सगळं ऐकलं. उठले, रस्ता ओलांडून माझ्यामागून आले. माझ्या अपमानाबद्दल चकार शब्द नाही. मला त्यांचाही राग आला. ते थेट वाडीतल्या बायकांशी बोलले.

"हंयसून उठा. त्या गडग्याच्या मागे जावा. आत्ताच्या आत्ता."

चिऱ्यांचा जुना गडगा होता, कमरेएवढी दगडी भिंत. बायका कुरकुरत उठल्या. माझ्या आईने बसायला पालथी घातलेली माशांची पाटी तिथेच राहिली.

तिसरी की चौथी गाडी. बारीक खडीवर मागचं चाक सुटलं. गाडी आडवी होत आली, पाटीवरून गेली आणि गडग्याला धडकून थांबली. लाल धूळ विरली. मग आई खाली बसली आणि पाटीच्या काड्या गोळा करू लागली. मला रडू आलं.

मंडळ म्हणालं, प्रेक्षक बेशिस्त. सरांनी लिहिलं, माणसांना मरायच्या जागी उभं केलं होतं. आणि कुणी केलं, तेही लिहिलं. त्यानंतर त्यांचं सदर बंद झालं. का, ते कुणी सांगितलं नाही. बोलावणीही बंद झाली.

यंदा सर गेले. आणि आता उद्या त्यांच्याच नावाने शर्यत. तोच सडा, तेच वळण. गडगा मात्र पाडलाय, रस्ता रुंद करायला.

काल अध्यक्ष आमच्या दारात आले. या वेळी 'तुम्ही' म्हणाले. "सरांवर तुम्हीच लिहायला हवं. एवढंच लिहा, की हा मार्ग सरांनी स्वतः पसंत केला होता. लोकांना धीर येईल."

चुलीशी बसलेली आई ते गेल्यावर बोलली. "तू लिवलंस तर वाडी थंयच उभी रवतली."

ती बरोबर बोलली. वाडी सरांवर विश्वास ठेवते, आणि सरांमुळे माझ्यावर. माझी सही म्हणजे त्या बायकांना खडीवर नेऊन उभं करणं. सर मेले आहेत म्हणूनच यांना आता त्यांचं नाव गोड लागतं.

आज दुपारपासून सड्यावर गाड्या गुरगुरतायत. पोलिसांची गाडी बंदोबस्त बघून गेली. साप्ताहिकाच्या मालकांचा निरोप आलाय: लिही, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

मी लिहिलं नाही. वाडीत घरोघर फिरून सांगितलं. उद्या बाहेर कुणी उभं राहायचं नाही आणि आतही नाही. उद्या आम्ही रस्त्यावर बसणार, बरोबर मधोमध. पहिली मी बसेन. त्यांना गाडी काढायची असेल, तर माझ्या अंगावरून काढावी लागेल. आणि ती सगळ्यांच्या देखत काढावी लागेल.