एलियाहू हन्नाबीचा रथ आणि माझ्या भावाची तबकडी

मित्स्पे रामोनला जायचं मनात असेल तर जरूर जा. वाळवंट आवडत नसलं तरी जा. फक्त तिथे दरीच्या काठावरून संध्याकाळी एक ‘अंतराळ-रहस्य सफर’ निघते, तिच्या वाटेला जाऊ नका. ती माझा धाकटा भाऊ एली चालवतो.

आधी थोडं आमच्याबद्दल. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, नंतर ठाण्याचे. मी ठाण्यात मॅट्रिक होऊन इस्रायलला आले, म्हणून हा ब्लॉग मराठीत लिहू शकते. एली तेव्हा लहान होता. त्याला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिब्रूतच मिळतं. शाळेत पोरं त्याला ‘इंडियन, इंडियन’ म्हणून छळायची, तेव्हापासून त्याने मराठी तोंडातून काढलीच नाही. आम्ही राहतो त्या किर्यात मलाखी गावातल्या कारखान्यातली नोकरी सोडून तो वाळवंटात गेला तो गेलाच. सणावारीसुद्धा घरी येत नाही.

यंदा डॉक्टरांनी आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरवलं. आईने लगेच मलिदा बोलला. मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची घालायची, सोबत फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या मांडायच्या आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे अग्निरथातून आकाशात गेलेल्या आमच्या प्रेषिताचं, नाव घ्यायचं. एली त्याच्याच नवसाचा. म्हणून आईची अट एकच, की ताटासमोर एली बसला पाहिजे. एलीने फोनवर सांगितलं, सध्या सीझन आहे, जमणार नाही. सीझन! त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आई मात्र शांत. म्हणाली, “त्याला टाइम नाय, तर आपण जाऊ गो रिबके. ताट तिथं नेलं तर हन्नाबी काय रागावतोय?”

निघालो. रस्ता सोपा आहे. चाळीस नंबरचा रस्ता धरायचा आणि सोडायचा नाही. बेर शेवाला पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप कमी. फलाफलही तिथेच खा, कारण पुढे जे मिळतं ते महाग आणि गार असतं. आम्ही घरच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी नेली होती, ती स्दे बोकेरच्या अलीकडे एका झाडाखाली खाल्ली. बेर शेवानंतर हिरवा रंग संपत जातो, मग तंबू, उंट, लष्कराच्या पाट्या. गावात शिरताना डोंगरी बोकड रस्त्याच्या मधोमध उभे असतात आणि हॉर्नला भीक घालत नाहीत. वसंत असला तरी स्वेटर न्या, काठावरचा वारा बोचतो.

आणि मग एकदम जमीन संपते. समोर लाल, पिवळा, काळा असा अवाढव्य खोलगट प्रदेश. हिब्रूत त्याला मकतेश म्हणतात, म्हणजे उखळ. आई कठड्याला धरून कितीतरी वेळ बघत राहिली. “कोणी कांडलं असंल गो एवढं?” म्हणाली. मी सांगितलं, पाण्याने. लाखो वर्षं पाणी वाहिलं, आतला मऊ दगड वाहून गेला. तिला ते पटलं. शहाण्या माणसाला पटतं.

एली पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभा होता, गळ्यात कसलासा स्फटिक. आम्हाला बघून दचकला. जवळ येऊन हिब्रूत पुटपुटला, “आधी टूर होऊ दे, मग बोलू.” माणशी ऐंशी शेकेल घेतो. आमच्याकडून घेतले नाहीत, एवढीच काय ती लाज.

मग त्याने सुरू केलं. हे विवर कसं झालं, शास्त्रज्ञांना ठाऊक नाही म्हणे! परग्रहावरची यानं इथे उतरायची म्हणे! मला आकाशाचं वेड आहे, म्हणून हे ऐकून डोकं जास्तच फिरलं. अहो, खरी कोडी काय कमी आहेत? दीर्घिकांमधले तारे असे फिरतात, की दिसतं त्याहून कितीतरी जास्त वस्तुमान तिथे असायला हवं. ते काय आहे, कुणालाच माहीत नाही. सत्तरच्या दशकात एक रेडिओ संकेत एकदाच ऐकू आला, पुन्हा कधी नाही. असा खजिना डोक्यावर असताना हा माणूस तबकड्या विकतो!

पुढचं तर ऐकाच. “एलियाहूचा अग्निरथ म्हणजे यान होतं. ते इथूनच उडालं. हे ज्ञान माझ्या घराण्याने यरुशलेममध्ये सात पिढ्या जपलंय.” आमचे बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. यरुशलेम त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते सहलीच्या बसमधून.

“खोटं!” आई मराठीत कडाडली. “तो इथनं नाय गेला. अलिबागजवळच्या खंडाळ्याहून गेला. दगडावर घोड्याची टाप हाय, चाकाची खूण हाय. मी हात लावलाय.”

मी ते हिब्रूत, मोठ्याने, सगळ्यांना सांगितलं. हैफाहून आलेल्या एका बाईंनी एलीला विचारलं, “तुमच्या ओळखीच्या आहेत का या?”

एली म्हणाला, “नाही. कुणीतरी इंडियन आजी आहेत.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडणार, तोच आईने माझ्या दंडाला चिमटा काढला. “गप. त्याच्या धंद्याच्या टायमाला नको.”

तिने कठड्यावर डबा उघडला, पाकळ्या पसरल्या, पदर डोक्यावर घेतला आणि आशीर्वाद म्हणायला लागली. सगळ्या प्रवाशांनी आमेन म्हटलं. मग प्रत्येकाच्या तळहातावर मलिदा ठेवत ती एलीपाशी पोचली. “घे बाळा, तूपण घे.” त्याने खाल्ला, खाली मान घालून. आणि म्हणाला, “तोदा.” आभार! आईला, परक्यासारखे! त्यानंतर तो बोलायला थांबला नाही, लोकांना घेऊन तारे दाखवायला निघून गेला. बेर शेवापर्यंत मी गाडीत त्याचा उद्धार करत होते. आई झोपली होती.

ऑपरेशन नीट झालं. एली आला नाही. फोन केला, तोही मलाच.

गेल्या आठवड्यात मी नोकरी करते त्या लॅबमधली ओर्ना, मी बजावलेलं असूनही, त्याच सफरीला जाऊन आली. तो माझा भाऊ आहे हे तिला ठाऊक नाही. म्हणाली, “गाइड काय सुंदर सांगतो! रथ भारतातून निघाला आणि इथे उतरला. त्याची आई तिथल्या कोकणातली, तिने तो दगड हाताने चाचपलाय म्हणे.” म्हणजे बघा! यरुशलेमची सात पिढ्यांची थाप उडाली आणि तिच्या जागी आता माझी आई विकायला काढली! दवाखान्यात फिरकला नाही आणि तिच्या नावावर तिकिटं फाडतोय!

मी तणतणत घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी चिडेल. ती पलंगावर उठून बसली.

“लोकांसमोर बोलला? माझी आई, असं बोलला?”

“हो. पण आई, त्याने तुला—”

“कोकणातली बोलला?”

“हो गं.”

“मग मलिदा पावला,” ती म्हणाली. “राग तुझा तू ठेव. जा, पोहे भिजव.”