वरच्या काकूंचं हिरवं पाणी

वरच्या काकू प्रश्न विचारला की उत्तरासाठी थांबत. समोर कोणी नसलं तरी थांबत. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही खाली राहायचो, त्या वर. जिन्यात भाजीची पिशवी टेकवून त्या वरच्या बंद दाराकडे बघत विचारायच्या, "मेथी घेतली हो, चालेल ना?" मग माणसाला 'चालेल' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबून पिशवी उचलायच्या. काका होते तेव्हा आम्ही याला हसत असू. काका गेल्यावर सवय तशीच राहिली, हसणं तेवढं बंद झालं.

मी हिशेब खात्यातला माणूस. जे मोजता येतं ते मानतो, बाकीच्याच्या वाटेला जात नाही. तेव्हा जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहितो.

काकांना शौक एकच, माशांचा. चार फुटी काचेची टाकी, तळाशी लावलेल्या खऱ्या वनस्पती, आणि बाकीचे मासे मरत मरत शेवटी एकटाच उरलेला एक म्हातारा एंजल, तळहाताएवढा, काळ्या पट्ट्यांचा. टाकी हॉलच्या मधोमध होती, पडदा लावावा तशी. अलीकडे जेवणाचं टेबल आणि स्वयंपाकघराचं दार, पलीकडे खिडकीशी काकांची खाट. आजारपणाचे शेवटचे महिने त्यांनी त्याच खाटेवर काढले. वीज गेली तरी अडू नये म्हणून टाकीचा पंप आणि वरची ट्यूब त्यांनी इन्व्हर्टरला जोडून घेतली होती. मी स्वतः टाकी ठेवायला शिकलो तो त्यांच्याकडूनच.

काका डिसेंबरात गेले. जानेवारीत पाणी हिरवं व्हायला लागलं. आधी नुसती झाक होती, मग पालकाच्या सुपासारखं दाट झालं. वनस्पती दिसेनात, मासा दिसेना, पलीकडची खाट तर मुळीच दिसेना. संध्याकाळी धुकं उतरलं की खालून त्यांची खिडकी हिरवी दिसायची. समोरच्या भल्ला आंटींनी मला गेटपाशी अडवलं. "भाईसाहब, ऊपर ये हरा-हरा क्या जलता है? बच्चे डरते हैं जी."

काकू मात्र व्यवस्थित होत्या. स्वयंपाक, बाजार, पेन्शनचे कागद, कुठे चूक नाही. फक्त काकांच्या ऑफिसातल्या कुणाचा फोन आला की 'गेले' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. "पलीकडे आहेत," म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. टाकीच्या पलीकडे त्या स्वतः जात नसत. तिथली चादर काकांना नेलं त्या दिवशीची होती.

मुलगा निखिल नोएडाला राहायचा. दर रविवारी यायचा आणि तेच बोलायचा. "आई, चल ना यार. क्वार्टरची मुदत संपत आली. मग हे लोक सामान बाहेर काढतील. तिकडे तुझी खोली तयार आहे."

"येते की. पण ह्यांना पलीकडे एकटं टाकून कशी येऊ?"

जाताना निखिल जिन्यात मला म्हणाला, "विनायककाका, तेवढं पाणी साफ करून द्या. पलीकडे कोणी नाही हे तिला दिसू तरी दे."

मी कामाला लागलो. ऑफिसातून आल्यावर वर जायचो, तिसरा हिस्सा पाणी काढून नवं घालायचो. फिल्टरचा स्पंज धुतला, वनस्पतींचं खत बंद केलं, खाणं निम्म्यावर आणलं. दोन दिवस बरं दिसायचं की पुन्हा पालक. काकू चिमटीने खाणं टाकायच्या, हिरव्यातून एक तोंड वर यायचं, खाणं नाहीसं व्हायचं. ते तोंड माशाचंच असणार. पण तोंडापलीकडचं काही मी पाहिलेलं नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी बाराला वर गेलो. खिडकीतून लख्ख ऊन आलं होतं आणि टाकीवरची ट्यूबही जळत होती.

"काकू, ही ट्यूब बंद कधी करता?"

"बंद? बंद कशी करणार?"

तेव्हा कुठे कळलं. माणूस गेला की त्या जागी दहा दिवस दिवा ठेवतात, आणि तो विझू द्यायचा नाही. काकूंनी समई लावली होती, पण खिडकीच्या फटीतला वारा ती विझवायचा. दुसऱ्या रात्री त्यांनी समई उचलून ठेवली. इन्व्हर्टरवरची ट्यूब कशानेच विझत नव्हती.

"दहा दिवस कधीच होऊन गेले, काकू."

"तू मोजलेस, विनायक. मी नाही मोजले."

शेवाळं उजेडावर वाढतं, आठ तासांच्या जागी चोवीस तास दिला तर पाणी असंच होणार, वगैरे सगळं मी समजावलं. त्या ऐकून घेत होत्या, म्हणजे ऐकत नव्हत्या. शेवटी मी म्हटलं, "काकू, माशाला पापण्या नसतात. उजेड असेपर्यंत त्याला झोप नाही."

त्या हिरव्या काचेकडे वळल्या. "ह्यांनाही शेवटी झोप नव्हती रे," म्हणाल्या. मग हात वर करून स्वतःच बटण बंद केलं. "झोपू दे."

चार दिवस संपूर्ण अंधार, हा त्यावरचा उपाय. टाकी चहूबाजूंनी झाकायची, खाणं द्यायचं नाही, उघडून बघायचं नाही, हवेचा पंप तेवढा चालू. माझी बायको शोभा खालून दोन चादरी घेऊन आली. काकूंनी हात आडवा धरला. "पांढरी नको गं. ह्यांना एकदा पांढऱ्याने झाकून झालंय." मग काकांचं निळं ब्लँकेट घातलं.

तिसऱ्या दिवशी चहाला वर बसलो होतो. ब्लँकेटच्या आतून काचेवर आवाज आला, टक् टक्. थोडं थांबून पुन्हा, टक् टक्. शोभाचा कप बशीवर वाजला. काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या, "हो हो, झालंच आता." मी शोभाला सांगितलं, पाणी गरम ठेवणाऱ्या हीटरची काचनळी सुटून भिंतीला लागत असेल. पाचव्या दिवशी बघितलं तर हीटर आपल्या रबरी पकडींत घट्ट होता.

त्या संध्याकाळी ब्लँकेट काढताना आम्ही तिघंच होतो. मी ट्यूब लावली. पाणी इतकं स्वच्छ की आहे की नाही कळेना. वनस्पती पिवळटल्या होत्या, एंजल वाळला होता, पण मधोमध स्थिर उभा होता. आणि त्याच्या आरपार खाट. चुरगळलेली चादर, उशीतला खळगा, आणि कोणी नाही.

मला वाटलं, काकू आता कोसळतील. शोभाने त्यांना धरायला हात पुढे केला. पण त्या टाकीला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि खाटेवर आडव्या झाल्या. पाण्यातून त्यांचा चेहरा हलत होता.

"विनायक," तिकडून आवाज आला, "इथून ओटा दिसतो रे. सरळ. मला माहीतच नव्हतं."

शोभाने वळून ओट्याकडे बघितलं.

"शोभा, ओट्याशी उभी राहा बघू. तिथे नाही, शेगडीपाशी. हं. आता पाठ कर."

शोभा स्वयंपाकघरात जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. एंजल काचेच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला. पंपाचे बुडबुडे सोडले तर घरात आवाज नव्हता.

"काकू, वळू का?" तिने विचारलं.

"थांब जरा. अजून बघतायत."

आम्ही थांबलो. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग खाट करकरली, काकू उठल्याचा भास झाला, आणि पलीकडून एक हात वर येऊन ट्यूबचं बटण दाबून गेला.

"आता वळ," अंधारातून काकू म्हणाल्या. "गेले."