सूनबाईंची इटालियन आणि माझी टेहळणी

सैन्यात सिग्नलमध्ये अख्खी नोकरी काढल्यामुळे मला दोन गोष्टी उत्तम येतात. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं आणि त्याचा चुकीचा अर्थ लावणं.

त्यातली दुसरी कला अंगात आहे, हे मात्र आमची थोरली सून घरात आल्यावर कळलं. सूनबाई इटलीची. नाव एलेना. आमचा सागर तिकडे कारखान्यात नोकरीला होता, तिथंच जमलं. गेल्या वर्षी दोघं छोट्या मीराला घेऊन मलकापूरला आमच्याकडे राहायला आले. एलेना मराठी शिकली ती आमच्या हिच्याकडून, त्यामुळे ती बाजारात "लय म्हाग हाय" म्हणाली, की भाजीवाले भाव कमी करायचं सोडून तिच्या तोंडाकडे बघत बसतात.

तिच्या मराठीबद्दल माझी तक्रार नव्हतीच. तक्रार होती ती सागरच्या नियमाबद्दल.

"आबा," तो आल्या आल्या म्हणाला, "पोरीला दोनी भाषा आल्या पायजेत. आई तिच्याशी फकस्त इटालियन बोलणार. बाकी समदे मराठी."

"का? आमच्यापासनं काय लपवायचं हाय?"

"आवं, लपवायचं कशाला?"

लपवायचं नाही म्हणतोय, म्हणजे नक्कीच लपवायचंय! त्या दिवसापासून मी कान टवकारले.

पहिला शब्द हाती लागला तो 'वाई'. एलेना पोरीला सारखी म्हणायची, "वाई, मीरा, वाई!" अंघोळीच्या आधी वाई, शाळेच्या आधी वाई, झोपायच्या आधी वाई! आता वाईला आमचं कोण? ना सोयरा, ना धायरा. मी दाराआड उभा राहून हिच्या कानात म्हणालो, "ही वाईला बिऱ्हाड करणार. वेगळं निघायचा बेत हाय."

"ते ऱ्हाऊ द्या. मला तुमास्नी विक्रमचं सांगायचंय..."

"गप! ऐकू दे." (टेहळणीवर असताना बायको बोलली की शत्रू सावध होतो.)

विक्रम म्हणजे आमचा धाकटा. तोही सैन्यात. लग्नाचा झालेला. त्याच्यासाठी माझ्या मेव्हण्यानं, माधवनगरच्या दत्तूनं, आपल्या साडूची मुलगी सुचवली होती आणि मी विक्रमला न विचारता शब्दही देऊन टाकला होता. (सुभेदार माणूस. विचारायची सवय नाही!)

आणि एके दिवशी दुसरा शब्द कानावर आला. मीरा हौदाशी पाणी उडवत होती. एलेना ओरडली, "बस्ता, मीरा! बस्ता!"

बस्ता! लग्नाची कापडखरेदी! वाई अधिक बस्ता, बरोबर लग्न! विक्रम कार्ट्यानं वाईची पोरगी गाठली, भावाला-वहिनीला सांगितलं आणि बाप तेवढा अंधारात! मी तडक दत्तूला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला दत्तू दारात हजर. "दाजी, तुमी शब्द दिला हुता!"

"पावणं, शब्द पक्का हाय. फितुरी घरात हाय. आदी जेवा, मग एकेकाची उलटतपासणी घेतो."

ताटं वाढली. दत्तूनं भाकरी मोडून रश्श्यात बुडवली. समोर बसलेल्या मीरानं त्याच्याकडे बोट केलं आणि घर दणाणून सोडलं, "मम्मा, साले!"

दत्तूचा घास हवेतच थांबला.

"दाजी," तो जड आवाजात म्हणाला, "नातं खरं हाय. पर पोरीच्या तोंडनं?"

"म्या न्हाई शिकवलं!"

"मग काय इटलीत शिकली व्हय?"

(हे तंतोतंत खरं होतं, पण त्या क्षणी कुणाला ठाऊक?)

"ह्येंनीच शिकवलं!" आमची ही कडाडली. "माज्या भावाचा फोन ठेवला की रोज काय म्हणता, मला ऐकू येत न्हाई व्हय?"

"रोज?" म्हणत दत्तू खरकट्या हातानंच उठला. सागरनं त्याची कंबर धरली. मी सागरचा सदरा धरला. तेवढ्यात एलेना पळी घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली.

"आवं मामा, बसा की! साले म्हंजी मीठ! पोरगी मीठ मागतीया!"

बघतो तर मिठाची वाटी दत्तूच्या ताटाला टेकलेली! एलेनानं चिमूटभर मीठ मीराच्या काकडीवर टाकलं. पोरगी शांतपणे खायला लागली.

"आन् वाई?" मी हळूच विचारलं.

"वाई म्हंजी जा."

"बस्ता?"

"पुरे."

"मग लगीन?"

"कुनाचं?" म्हणून ती आमच्या हिच्याकडे बघायला लागली.

दत्तू इतका हसला की त्याला ठसका लागला. माझाही जीव भांड्यात पडला. त्याच्या पाठीवर थाप मारत मी म्हणालो, "बघा पावणं! विक्रमचं कुटंच काय न्हाई. तुमच्या साडूला कळवा, सुपारी फोडू."

हिनं भाकरीची दुरडी खाली ठेवली. "त्येचं ठरलंय की. म्हसवडची पोरगी हाय, नर्स हाय. रोज सांजच्याला फोन मोठ्यांदा लावून बोलतोय आमी मायलेकरं."

"कुटं?"

"हितंच. सोप्यात. तवा तुमी आत एलेनाच्या दाराला कान लावून बसल्याला असताय."

"मग मला सांगायचं न्हाई?"

"कितीदा सांगाय आले! दर बारीला म्हनला, गप, ऐकू दे."

घरातलं लग्न मराठीत ठरत होतं, तेही मोठ्या आवाजात, आणि हा सिग्नलवाला इटालियन ऐकत बसला होता!

दत्तू पुन्हा उठला. या खेपेला त्याला कुणी धरलं नाही. दारात चपला घालताना तो माझ्याकडे वळून एकच शब्द बोलला. तो मात्र अस्सल माधवनगरच्या मराठीत होता, आणि वर्षभरात ऐकलेल्यांपैकी तेवढ्या एकाच शब्दाचा अर्थ मी अगदी अचूक लावला.